फ्रंटलचा पेशंट बेडजवळ कसा तपासायचा: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

फाइलवर लिहिलेलं असतं "शुद्धीवर, ओरिएंटेड, मेमरी ठीक", पेशंट डिस्चार्ज होऊन घरी जातो आणि तीन आठवड्यांनी बायको ओपीडीच्या दारातच रडायला लागते की हा माणूस आमचा नव्हे ओ. सांगली-मिरजेत काम करताना हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता सगळं एका जागी लिहून काढतेय. इंटर्न, रेसिडेंट, फिजिओ, वॉर्डातल्या सिस्टर, सगळ्यांसाठी. गाडीवरून पडून डोक्याला मार लागलेले, मेंदूच्या पुढच्या भागात रक्तस्राव झालेले, स्ट्रोक, ट्यूमर, असे पेशंट तुमच्याकडे येत असतील तर हे उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठी गडबड कुठे होते ते आधीच सांगते. फ्रंटल लोबचं, म्हणजे कपाळामागच्या मेंदूच्या भागाचं, काम म्हणजे स्वतःहून सुरुवात करणं, ठरवणं, थांबणं, चुकलं तर बदलणं. आणि तपासणीत हे सगळं आपणच करतो. आपण म्हणतो "आता हे करा", आपण म्हणतो "बास", तो विसरला की आपण आठवण करून देतो. म्हणजे तासभर पेशंटचा फ्रंटल लोब आपणच झालेलो असतो, मग तो पास होणारच की. एमएमएसईत, म्हणजे मेमरी-ओरिएंटेशनच्या नेहमीच्या टेस्टमध्ये, ३० पैकी २८-२९ मिळवणारा माणूस घरी दोन दिवस एकच शर्ट घालून कोपऱ्यात बसून राहतो, ते याच्यामुळे.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. टेस्ट पाचव्या टप्प्यात येते, पहिल्यात नाही.

टप्पा १: आज तपासायचं का, हे ठरवा

जीसीएस, म्हणजे शुद्धीचा स्कोअर, पूर्ण १५ आहे म्हणजे डोकं साफ आहे असं नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक असं वागणं बदलत असेल, मध्येच झोप येत असेल, रात्री उठून सलाइन ओढत असेल तर तो डिलिरियम, म्हणजे आजारपणात येणारा तात्पुरता गोंधळ, असू शकतो. त्यात घेतलेल्या फ्रंटल टेस्टला काही अर्थ नाही. डोक्याला मार लागल्यावर रोजच्या घडामोडी लक्षात राहायला लागेपर्यंतचा जो काळ असतो त्यातही थांबा.

बेडपाशी जायच्या आधी चार्ट उघडून बघा:
- सोडियम आणि शुगर. मेंदूच्या पेशंटमध्ये सोडियम खाली जाणं नेहमीचं आहे.
- काल रात्री झोपेचं किंवा शांत करायचं इंजेक्शन दिलंय का, किती वाजता.
- फिटची गोळी कोणती चालू आहे. लेव्हेटिरासिटामने काही जण खूप चिडचिडे होतात आणि तो चिडचिडेपणा सरळ "फ्रंटल" म्हणून लिहिला जातो.
- दारूची सवय होती का, शेवटची कधी घेतली.
- शाळा किती झाली आणि घरात कोणती भाषा बोलतात. जत तालुक्यातले आणि अथणी-चिक्कोडीकडून मिरजेला येणारे बरेच पेशंट कन्नड बोलणारे असतात. मराठी कळते त्यांना, पण मराठीत शब्द आठवायला लावून मार्क कापणं चूक आहे.
- चष्मा, कानाचं मशीन, कवळी. घरी राहिली असतील तर मागवून घ्या आणि मग तपासा.

वेळ सकाळची, नाश्ता झाल्यावरची. फिजिओच्या एक्सरसाइजनंतर दमलेला असताना नको.

⚠ थांबा: तपासताना गुंगी वाढली, उलटी झाली, एक बाहुली मोठी दिसली, नवीन अशक्तपणा आला तर कागद बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. आणि वयस्कर माणूस महिन्या-दीड महिन्यापूर्वी मोरीत घसरून पडलाय आणि आता "जरा विचित्र वागतोय" असं कुणी सांगितलं तर आधी स्कॅन, कवटीत हळूहळू साठलेलं रक्त अशाच रूपात येतं.

टप्पा २: घरच्यांशी बोला, पेशंटपासून लांब

हा टप्पा सगळे गाळतात आणि खरी माहिती इथेच असते. पेशंटला स्वतःमधला बदल कळत नाही, तो आजाराचाच भाग आहे. "मला काय झालंय, मी ठणठणीत" हे उत्तर तो खोटं बोलतोय म्हणून येत नाही, त्याला ते तसंच वाटतं. म्हणून त्याच्या समोर बायकोला विचारू नका. ती संकोचून अर्धं सांगेल, नाहीतर तिथेच भांडण लागेल. पॅसेजमध्ये न्या, बाकावर बसवा, पाणी द्या.

आणि "वागण्यात बदल आहे का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" येतं. कालचा दिवस विचारा. सकाळी स्वतः उठले का उठवावं लागलं? अंघोळीला जा म्हणावं लागतं का? जेवण मागतात का पुढ्यात आल्यावर जेवतात? टीव्ही लावतात का कुणी लावला तर बघतात? शेजारी आले तर काय बोलतात? पैसे कुणाकडे असतात आता? आधी कधी जे बोलले नसते असं काय बोलले?

आपल्याकडची माणसं कोणत्या शब्दात सांगतात तेही ओळखायला शिका. "लई शांत झालंय आता, गरीब झालंय" हे ऐकलं की कान टवकारा. आधी तापट असलेला माणूस "गुणाचा" झाला म्हणून घरचे खूश असतात, आणि तो असतो पुढाकारच संपलेला पेशंट. "जेवान दिलं की जेवतंय, न्हाय दिलं तर मागत न्हाय" हे एक वाक्य दहा टेस्टपेक्षा भारी आहे. उलट बाजूने "तोंडाला लगाम ऱ्हायला न्हाय", "पावण्यारावळ्यात काय बी बोलतोय", "लहान पोरावानी हट्ट करतोय", हे थांबवायची ताकद गेल्याचं वर्णन आहे. तासगावकडच्या एका बागायतदार काकांच्या बायकोने मला सांगितलं होतं की हे रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही बोलावून बेदाण्याचे बॉक्स वाटत बसतात. काकांना फॅबमध्ये (टप्पा ५ मधली टेस्ट) १८ पैकी १६ होते.

✔ तपासा: जे सांगितलं ते अपघाताच्या किंवा आजाराच्या आधीपासून होतं का, हे प्रत्येक गोष्टीबद्दल वेगळं विचारलं का? काही माणसं आधीपासूनच शिवराळ असतात, काही आधीपासून आळशी. बदल महत्त्वाचा.

टप्पा ३: काही न करता दहा मिनिटं बघा

खुर्ची घेऊन बसा, "काका, मी आलेय, बसते जरा" एवढं म्हणा आणि गप्प राहा. सुरुवातीला अवघड जातं, पण जमतं.

बघायचं काय? तो स्वतःहून काही बोलतो का, विचारतो का की तुम्ही कोण. अंगावरची चादर सरकली, लुंगी सुटली तर सावरतो का. सिस्टरला, मावशींना काय हाक मारतो. शेजारच्या बेडवरचं बोलणं ऐकून मध्येच त्यात घुसतो का. तुम्ही नाकाला हात लावला तर तोही लावतो का.

मग टेबलावर चार साध्या वस्तू ठेवा, न बोलता: कंगवा, पेन आणि कागद, रिकामा स्टीलचा ग्लास, एक चष्मा. काही पेशंट सांगितल्याशिवाय कंगवा उचलून केस विंचरायला लागतात, रिकामा ग्लास तोंडाला लावतात, डोळ्यावर चष्मा असताना त्यावर दुसरा चढवतात. समोर वस्तू दिसली की हात वापरायला लागतो, इतकं साधं आहे ते. एका आजोबांसमोर कुणाची तरी तंबाखूची रिकामी डबी राहिली होती, ती उघडून तळहातावर काहीच नसताना ते अंगठ्याने मळायला लागले, व्यवस्थित, चिमूट झाडून ओठात ठेवण्यापर्यंत. तेव्हा मी विचारलं, "आजोबा, काय करताय?" तर शांतपणे म्हणाले, "डबी हाय की हितं."

⚠ सावध: सुरी, कात्री, काडेपेटी, औषधाची पाकिटं आणि सॅनिटायझरची बाटली हाताच्या अंतरावर ठेवू नका. सॅनिटायझर प्यायला जाऊ शकतो.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती बऱ्याच जणांकडून होते. एक मावशी होत्या, पन्नाशीच्या, घरात बोलत नाहीत म्हणून आणलेल्या. समोर चहा ठेवला होता. मी वीस मिनिटं बोलत होते, एक-दोन शब्दांत उत्तरं, चहावर साय धरली तरी कप हलला नाही. मी म्हटलं "घ्या की मावशी", लगेच उचलला आणि एका दमात संपवला. मी नोट लिहिली डिप्रेशन. दोन महिने तसेच गेले. मग मुलगी म्हणाली, "मॅडम, आई दुःखी न्हाय, तिला काही वाटतच न्हाय, आजोबा वारले तरी रडली न्हाय." स्कॅनमध्ये डोक्यात पुढच्या बाजूला मधोमध मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, निघाला. डिप्रेशनचा माणूस आतून तळमळत असतो, स्वतःला दोष देतो, नको वाटतंय म्हणतो. इथे तळमळ नसते. सांगितलं की करतो, न सांगता करत नाही. ही चहाची गोष्ट समोर घडत असताना मला दिसली नाही, तुम्ही बघायला विसरू नका.

टप्पा ४: लक्ष आणि भाषा आधी पक्की करा

इथे अडकला तर पुढे जाऊ नका. आकडे सेकंदाला एक या वेगाने सांगा आणि म्हणायला लावा, निदान पाच आकडे सरळ यायला हवेत. मग एक अक्षरांची यादी वाचा आणि "अ" आला की टेबलावर टॅप करायला सांगा. वार उलटे म्हणायला सांगा, शिकलेल्यांना महिने उलटे. शेतकरी माणसाला डिसेंबर-नोव्हेंबरपेक्षा फाल्गुन, माघ, पौष सोपं जात असेल तर तसं घ्या.

भाषेसाठी: तीन वस्तूंची नावं, एक वाक्य मागून म्हणणं, आणि दोन पायऱ्यांची एक सूचना. अफेजिया, म्हणजे मेंदूच्या आजाराने भाषाच बिघडलेली, असेल तर बोलण्यावरच्या टेस्ट सोडा आणि हाताच्या टेस्टवर भर द्या.

टप्पा ५: ठरलेल्या सहा गोष्टी, याच क्रमाने

फ्रंटल असेसमेंट बॅटरी, म्हणजे फॅब, दहा मिनिटांत होते. सहा भाग, प्रत्येकी ० ते ३, एकूण १८. साधारण १२ किंवा खाली आलं की काळजी करतात, पण शाळा कमी झालेल्या माणसात मार्क तसेही कमी येतात, म्हणून आकड्यावरून निदान करू नका, *कसा* चुकला ते लिहा.

*१. साम्य.* केळं आणि संत्रं यांच्यात सारखं काय? टेबल आणि खुर्ची? गुलाब, मोगरा, शेवंती? "फळं" हे उत्तर बरोबर. "दोन्हीला साल असते" हे नाही. पहिल्या जोडीत अडला तर मदत करता येते, पण मार्क नाही, आणि पुढच्या दोन जोड्यांना मदत अजिबात नाही.

*२. शब्द.* एका मिनिटात "क" पासून सुरू होणारे शब्द, माणसांची आणि गावांची नावं सोडून. १० किंवा जास्त आले तर ३, ६ ते ९ ला २, ३ ते ५ ला १. का, कि, कु सगळं चालतं असं आधीच ठरवा आणि तसंच लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा तपासणारा वेगळं धरेल. कर, करतो, करणार हा एकच शब्द. पहिल्या पाच सेकंदात काही आलं नाही तर एक उदाहरण द्या, दहा सेकंद गप्प झाला तर "क पासून कुठलाही शब्द" एवढंच म्हणा, बाकी तोंड बंद. नातेवाईक मागून "कांदा म्हणा की" असं कुजबुजतात, त्यांना आधीच बाहेर बसवा. अक्षरओळख नसेल तर जनावरांची किंवा भाज्यांची नावं घ्या, पण ते फॅबच्या बेरजेत धरू नका.

*३. मूठ, कड, पंजा.* तुम्ही डाव्या हाताने तीन वेळा करून दाखवा, मूठ टेबलावर, मग तळहाताची कड, मग पंजा सपाट. त्याने उजव्या हाताने आधी तुमच्याबरोबर, मग एकट्याने. सलग सहा बरोबर तर ३, सलग तीन तर २, एकट्याने जमलं नाही पण तुमच्याबरोबर तीन जमल्या तर १. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तपासणाराच मोठ्याने "मूठ, कड, पंजा" म्हणत राहतो. तोंडाने ताल दिला की पेशंट त्या तालावर चालतो, टेस्ट वाया गेली. आणि उजवा हात लुळा असेल तर डावा वापरा आणि तसं लिहा.

*४. उलट सूचना.* मी एकदा टॅप केलं की तुम्ही दोनदा, मी दोनदा केलं की तुम्ही एकदा. आधी तीन-तीन वेळा सराव, कळलं याची खात्री, मग १-१-२-१-२-२-२-१-१-२.

*५. थांबणं.* आता मी एकदा केलं की तुम्ही एकदा, मी दोनदा केलं की काहीच नाही. पुन्हा सराव, पुन्हा तीच मालिका. चौथ्या आणि पाचव्या भागाला मार्क वेगवेगळे, पण पद्धत एकच: चूक नसेल तर ३, एक-दोन चुकांना २, त्याहून जास्त चुकांना १, आणि सलग चार वेळा तुमच्यासारखंच टॅप केलं तर शून्य. चौथ्यानंतर लगेच पाचवं घ्यायचं, मध्ये चहा-फोन नको, कारण आधीचा नियम मोडून नवीन धरता येतो का हेच बघायचंय. बरेच पेशंट नियम तोंडाने बिनचूक सांगतात, "दोनदा केलं की गप बसायचं", आणि हात मात्र टॅप करत राहतो. हे घडलं तर शब्दशः लिहा. कळणं आणि करणं यातला हा तुटलेला दुवाच आपण शोधतोय.

*६. हात धरणं.* त्याचे हात मांडीवर, तळवे वर. काही न बोलता, त्याच्याकडे न बघता तुमचे हात त्याच्या तळव्यांना लावा. धरले नाहीत तर ३, अडखळून "काय करू?" विचारलं तर २. धरले तर "आता धरू नका" म्हणून पुन्हा करा. तेव्हा थांबला तर १, तरीही धरले तर ०. इथे एक अडचण येते, आपल्याकडे वडीलधारी माणसं मायेनेही हात धरतात, म्हणून पहिल्या वेळेपेक्षा "धरू नका" सांगितल्यावर काय होतं ते जास्त मोलाचं.

✔ तपासा: प्रत्येक भागात तुम्ही किती वेळा आठवण करून दिली, ती संख्या बाजूला लिहिली का?

टप्पा ६: म्हणी आणि "काय कराल" वाले प्रश्न

यावर फार भिस्त ठेवू नका. "नाचता येईना अंगण वाकडे" याचा अर्थ शाळेत पाठ झालेला असतो, तो मेंदूला मार लागूनही येतो. म्हण विचारायचीच तर एक रुळलेली आणि एक कमी ऐकलेली घ्या. "एसटीत पाकीट सापडलं तर काय कराल?" "कंडक्टरला देईन" हे उत्तर सगळे देतात, बेदाणे वाटणारे काकाही देतात. उत्तरापेक्षा देतानाचा सूर, घाई, मध्येच केलेली थट्टा बघा.

टप्पा ७: अंगावरच्या खुणा, झटपट

हात सैल सोडायला सांगून कोपर हलवा. तुम्ही जितक्या जोराने हलवाल तितका तो विरोध करत असेल तर लिहा. गप्पा मारत असताना तळहातावरून अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे बोट फिरवा, मूठ मिटते का. वास प्रत्येक नाकपुडीला वेगळा तपासा, कॉफी पावडर किंवा लवंग चालेल. बाम, कापूर वापरू नका, ते झोंबतात आणि वास गेलेल्यालाही जाणवतात. डोक्याला मार लागून वास गेला असेल तर डोळ्यांच्या वरचा मेंदूचा भागही दुखावला असण्याची शंका घ्या. कपड्यात लघवी होते आणि त्याचं त्याला काही वाटत नाही, हे सिस्टरला विचारा, पेशंटला नाही.

टप्पा ८: आधार काढून घ्या

चालता येत असेल तर हे कराच. ५० रुपये द्या आणि एकदाच सांगा: "दादा, कँटीनमधून एक चहा आणि एक बिस्किटचा पुडा आणा, उरलेले पैसे परत आणा, आणि येताना घड्याळात किती वाजले ते बघून सांगा." सोबत एक माणूस चार पावलं मागे, फक्त पडू नये म्हणून, मदत करायला नाही. सुरुवातच करत नाही का, निघतो आणि वाटेत कुणाशी तरी गप्पा मारत राहतो का, चहा तिथेच पिऊन टाकतो का, पैसे विसरतो का. नेमकं कुठे सुटतं ते इथे दिसतं. हे डॉक्टरांना विचारूनच करा, आणि मधुमेह असेल तर बिस्किटाऐवजी दुसरं काही.

⚠ सावध: काही पेशंट बाई स्टाफला लगट करतात, घाणेरडं बोलतात. एकटीने तपासू नका, पडदा अर्धा उघडा ठेवा, दुसरं माणूस खोलीत असू दे. रागावून, लाजवून उपयोग नाही. "हे नाही चालणार, हात इकडे ठेवा" असं एका वाक्यात शांतपणे सांगा आणि पुढचं काम द्या. पण झालेलं सहन करून लपवूही नका, सीनियरना सांगा आणि नोंद करा.

टप्पा ९: लिहायचं कसं

"को-ऑपरेट करत नाही" हा शब्द फाइलमधून काढून टाका, त्याने पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. असं लिहा: "सकाळी १० वाजता, नाश्त्यानंतर, रात्री झोपेचं औषध नाही, मराठीतून, सातवी पास. १० मिनिटांत स्वतःहून एक शब्द बोलले नाहीत. मूठ-कड-पंजा: दोन मालिकांनंतर मूठ-मूठच. थांबण्याच्या टेस्टमध्ये नियम तोंडी बरोबर, हाताने पाच चुका. आठवण तीनदा. बायकोच्या सांगण्यानुसार जेवण मागत नाहीत, अपघाताआधी असं नव्हतं." दोन आठवड्यांनी हेच पुन्हा, त्याच वेळेला, फक्त "क" ऐवजी "प" किंवा "म" घेऊन.

घरच्यांना त्याच दिवशी चार गोष्टी सांगा, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटरसायकल आणि ट्रॅक्टरची चावी लपवायची. एटीएम कार्ड आणि फोनवरचं पेमेंट दुसऱ्या कुणाकडे. जमिनीच्या, सोसायटीच्या कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा आत्ता नको. आणि "मुद्दाम करतोय" म्हणून भांडायचं नाही, एका वेळी एकच काम सांगायचं, "आता अंघोळ", झाली की "आता शर्ट". हे बायकोला एकटीला सांगून पुरत नाही. भाऊ, मुलगा, जे कुणी घरात निर्णय घेतात त्यांना समोर बसवून सांगा, नाहीतर चावी दुसऱ्याच दिवशी परत पेशंटच्या खिशात असते.